पाहुणा आला आणि घरमालक झाला

अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत मित्राकडे गेलात, तर गेटमधून आत जाता, जिने चढता, त्याच्या घरात बसून चहा पिता. पण आत आलात म्हणून कुणी तुमच्या हातात गच्चीची, मीटररूमची आणि शेजारच्या चाळीस घरांची किल्ली देत नाही. कॉम्प्युटरचंही तसंच असतं. कॉलेजच्या लॅबमध्ये तुमचं लॉगिन म्हणजे पाहुण्याचा पास. सगळ्या किल्ल्या असतात त्या 'रूट' नावाच्या मालकाकडे. पाहुण्यानं गुपचूप मालक होणं, याला म्हणतात प्रिव्हिलेज एस्कलेशन.

'लिनक्स सेफ असतं रे' हे वाक्य हॉस्टेलमध्ये किमान एकदा तरी ऐकलं असेल. मग ही गोष्ट वाचाच.

२० जुलै २०२१ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीनं (पुण्यातल्या आयटीवाल्यांना हे नाव नवं नाही, कंपनीचं मोठं केंद्र तिथेच आहे) लिनक्सच्या फाइल सिस्टिममधली एक चूक जाहीर केली. नाव ठेवलं 'सिक्वोया'. चूक २०१४ पासून तिथेच होती, म्हणजे सात वर्षं. आणि ती होती कशाची? फर्स्ट इयरला सी शिकताना आपण सगळेच करतो त्या चुकीची: मोठा आकडा छोट्या डब्यात कोंबायचा.

झालं असं. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी एक, असे साधारण दहा लाख फोल्डर बनवायचे. त्या सगळ्यांची नावं जोडून होणारा पत्ता एक जीबीच्या वर जातो. मग तो फोल्डर माउंट करायचा, डिलीट करायचा आणि 'कुठे काय माउंट झालंय' ही यादी सिस्टिमकडून मागायची. एवढा लांब पत्ता लिहायला जागा पुरेना, की कर्नल ती दुप्पट करतं. तशी वाढत वाढत ती दोन जीबीला पोहोचते, म्हणजे २,१४,७४,८३,६४८ बाइट. पण पुढचं फंक्शन हा आकडा साध्या 'इंट'मध्ये घेतं आणि त्यात जास्तीत जास्त मावतात २,१४,७४,८३,६४७. एकानं हुकलं! आकडा उलटून थेट उणे दोन जीबी होतो. कर्नल पुढे जागा उरली का ते तपासतंही, पण त्या उणे आकड्यातून आणखी दहा वजा केल्यावर तो पुन्हा उलटून भलामोठा अधिक होतो. म्हणजे पहारेकरीच फसला. मग 'डिलीटेड' हा शेरा, उणेपुरे दहा बाइट, कर्नल भलत्याच जागी लिहून टाकतं.

फक्त दहा बाइट. तेवढ्यावर क्वालिसच्या लोकांनी उबुंटू, डेबियन आणि फेडोराच्या त्या वेळच्या आवृत्त्यांवर पूर्ण रूट मिळवून दाखवलं. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, आणि भीतीदायकही.

आता तुम्ही म्हणाल, पण हॅकर आधी आत तर यायला हवा ना? बरोबर. म्हणूनच अशा चुकांना १० पैकी ७.८ असे गुण मिळतात आणि बातम्या पहिल्या पानावर येत नाहीत. पण आत येणं तेवढं अवघड राहिलंय का? एक खोटी लिंक, कुणाचा तरी 'नाव@१२३' छाप पासवर्ड, की पाहुणा आत. पुढचं काम ही चूक करते. एकट्याच्या लॅपटॉपवर धोका मर्यादित आहे, पण शेकडो मुलांचे प्रोजेक्ट, मार्क आणि फीचा हिशेब एकाच सर्व्हरवर असेल तर?

हे जुनं प्रकरण नाही. ओव्हरलेएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम, डॉकर वापरत असाल तर ती तुमच्याही मशीनवर आहे. तिच्यातली अशीच एक चूक २०२३ च्या सुरुवातीला दुरुस्त झाली. तरीही जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेनं तिला 'प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली जाणारी' चूक म्हणून यादीत घातलं. औषध दोन वर्षं दुकानात पडून होतं, लोकांनी घेतलंच नाही.

एक धोक्याची सूचना. हे वाचून कॉलेजच्या मशीनवर प्रयोग करायचा मोह होईल. करू नका. परवानगीशिवाय केलेल्या अशा उद्योगाला आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं; 'सर, मी फक्त बघत होतो' हे तिथे चालत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन टाका, त्यात जुनं कर्नल घ्या आणि हवं ते मोडा. खरंच नवीन काही सापडलं, तर ते कळवायला आपल्याकडे सर्ट-इन आहे.

आणि लॅबमध्ये एक गोष्ट मात्र बिनधास्त करा: टर्मिनल उघडून 'अपटाइम' टाइप करा. कर्नलचं अपडेट डाउनलोड झालं तरी सहसा रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही. आकडा चारशे दिवस आला, तर लॅब असिस्टंट दादांना गोड बोलून विचारा, की मशीन शेवटचं बंद कधी केलं होतं.