ठरलेल्या कुस्तीचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात दिल्लीतील एका मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी लोकाभिरुचीच्या अधःपाताची लक्षणे सांगताना अमेरिकन व्यावसायिक कुस्तीचा उल्लेख केला. ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो ती पाहावयास बसणारा प्रेक्षक एकतर फसलेला असतो किंवा रक्ताला चटावलेला असतो, असे त्यांचे विधान होते. सभागृहात टाळ्या पडल्या. प्रस्तुत लेखक केंद्र सरकारच्या एका कार्यालयातील सामान्य कारकून असून शाळकरी वयापासून हा तमाशा पाहत आला आहे; त्यामुळे त्या टाळ्यांत त्याला सामील होता आले नाही. सभेचा संकेत पाळून मी तेथे गप्प बसलो. त्या गप्प बसण्याला कोणी संमती समजू नये, एवढ्यासाठी हा लेख.

फसवणुकीचा आरोप आधी घेऊ. फसवणुकीस गुपित लागते, आणि हे गुपित खुद्द मालकांनीच १९८९ साली सरकारदरबारी उघडे केले. आजची डब्ल्यूडब्ल्यूई ही कंपनी तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ या नावाने ओळखली जात असे. न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे तिच्या वतीने सांगण्यात आले की, आमची कुस्ती ही खरी स्पर्धा नसून करमणूक आहे. सबब राज्याच्या क्रीडा नियामकांची देखरेख व तिच्याबरोबर येणारा कर यांतून ती मोकळी करावी. जे रहस्य पैलवानांनी पिढ्यान्‌पिढ्या प्राणापलीकडे जपले, ते अशा रीतीने एका सवलतीच्या मागणीपायी फुटले. आयुष्य फायलींत घालविणाऱ्याला या गोष्टीचे हसूही येते आणि थोडा अभिमानही वाटतो. ते असो. या घटनेस साडेतीन दशके उलटून गेली, तरी प्रेक्षागारे ओस पडली नाहीत. कोकणातल्या जत्रेत दशावतारी राक्षसाचे मरण रात्र सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. म्हणून पहाटेपूर्वी कोणी उठून घरी जात नाही.

माझे आजोबा कोल्हापूरचे. खासबागच्या मैदानातील लाल मातीवरच्या कुस्त्या पाहण्यात त्यांचे तारुण्य गेले. नुरा कुस्ती करणाऱ्या जोडीची हुर्यो उडविणाऱ्या गर्दीत ते हिरिरीने सामील होत. असा मनुष्य उतारवयात दूरचित्रवाणीपुढे बसून माझ्याबरोबर हा परदेशी खेळ पाहत असे. हे सारे खोटे ना, असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पडतोय तेवढा खरा पडतोय, हरतोय तेवढा खोटा हरतोय." मातीवरच्या नुरा कुस्तीचा त्यांना संताप येई, कारण तेथे खऱ्या कुस्तीचा वायदा करून खोटी विकलेली असे. येथे वायदाच निराळा होता, आणि तो पाळला जातो की नाही एवढेच त्यांना पाहावयाचे असे.

तो वायदा कोणता, याविषयी पंडितांची समजूत मला अपुरी वाटते. रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'मिथॉलॉजीज्' या ग्रंथाचा आरंभच कुस्तीवरील निबंधाने केला आहे. लढत ठरलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला पर्वा नसते, त्याला दुःख, पराभव आणि न्याय यांचे दर्शन हवे असते, हे त्याचे म्हणणे आमच्या वक्त्यांनी वाचले असते तर बरे झाले असते. तथापि बार्थ असेही म्हणतो की, मुष्टियुद्धात एक कथा घडत जाते, कुस्तीत मात्र प्रत्येक क्षण स्वयंपूर्ण असतो. त्याच्या काळच्या पॅरिसमध्ये ते खरे असेल. आजच्या प्रेक्षकाला ते मुळीच लागू पडत नाही. आजचा प्रेक्षक क्षणाचा भोक्ता राहिलेला नसून तो हिशेबनीस झाला आहे. शाळेत आम्ही जे पत्ते खेळत असू त्यांवर प्रत्येक पैलवानाचा क्रमांक, उंची, वजन आणि छातीचे माप छापलेले असे. ती सवय बहुधा तेथूनच लागली. कोणी कोणाला कधी दगा दिला, कोणाचे देणे कोणाकडे किती वर्षे थकले आहे, हे तो विसरत नाही. खतावणीच्या प्रत्येक नव्या पानावर जसे 'मागील पानावरून पुढे' असे लिहून शिल्लक ओढली जाते, तशी शिल्लक दर आठवड्याला ओढली जावी, एवढीच त्याची मागणी असते. मालकांना त्याचा राग येतो तो गेल्या महिन्यातील वैर या महिन्यात कारणावाचून विसरले गेले म्हणजे.

याचे उदाहरण २०१४ सालचे. डॅनियल ब्रायन हा अंगापिंडाने लहान, दाढीवाला, कसबी मल्ल. कंपनीचा प्रमुख चेहरा होण्यास तो योग्य नाही, असे कथानकात वारंवार वदविले गेले, आणि पुढील आखणी पाहता मालकांचे खरे मतही त्याहून फार निराळे नसावे. प्रेक्षक मात्र महिनोन्‌महिने दोन्ही हात वर करून त्याच्या नावाने "येस, येस" असा घोष करीत होते. २६ जानेवारी २०१४ रोजी पिट्सबर्ग येथे तीस मल्लांची झुंज झाली. तिसावा कोण येतो म्हणून सारे श्वास रोखून उभे असता ब्रायनऐवजी रे मिस्टेरिओ आला, आणि एरवी सर्वांचा लाडका असलेल्या त्या बिचाऱ्याची हुर्यो उडाली. त्याचा काही दोष नव्हता. तो चुकीच्या खात्यावर जमा झालेली रक्कम होता. पुढे मालकांना आखणी बदलावी लागली, आणि ६ एप्रिल रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रायनने एकाच रात्री दोन कुस्त्या जिंकून अजिंक्यपद घेतले. संगीत नाटकाचा प्रेक्षक 'वन्स मोअर'चा पुकारा करून मेलेल्या पात्राला उठून पुन्हा गावयास लावी, त्यापेक्षा हा हस्तक्षेप मला अधिक प्रगल्भ वाटतो. तेथे कथेचा गळा आवळला जाई. येथे तुटलेली कथा जोडून घेतली गेली.

हेच दहा वर्षांनी पुन्हा घडले. कोडी ऱ्होड्स याच्या दिवंगत पित्याला, डस्टी ऱ्होड्सला, या कंपनीचे सर्वोच्च पद कधी लाभले नव्हते. ते मिळविण्याची प्रतिज्ञा घेऊन आलेला मुलगा २०२३ च्या एप्रिलमध्ये अखेरच्या पायरीवर हरला. पुढील वर्षी त्याची पाळी आली असता, फेब्रुवारीत, चित्रपटसृष्टीतून परतलेल्या 'द रॉक'ला त्याच्या जागी उभे करण्याचा घाट दिसू लागला. रॉक हा आजच्या जगातील सर्वांत प्रसिद्ध नटांपैकी एक. प्रेक्षकांना याहून मोठे काय हवे असणार, असा व्यापाऱ्याचा हिशेब! प्रेक्षकांनी असा गदारोळ केला की आखणी फिरवावी लागली, आणि ७ एप्रिल २०२४ रोजी फिलाडेल्फियात ऱ्होड्सने रोमन रेन्सची १३१६ दिवसांची सद्दी संपविली. यात अनपेक्षित असे काय होते? काहीच नाही. जे व्हावे असे सर्वांना वाटत होते तेच झाले, आणि त्याचाच आनंद होता.

आम्हां भारतीयांविषयीचे अज्ञान तर याहून मनोरंजक. २०१७ च्या मे महिन्यात जिंदर महाल या पंजाबी वंशाच्या कॅनेडियन मल्लाला, जो तोवर बहुधा हरण्याच्याच कामी येत असे, एकाएकी अजिंक्यपद देण्यात आले. भारतातील बाजारपेठेसाठी हे केले, असे तेव्हा उघड बोलले गेले. आपल्या रंगाचा माणूस दिसला की हे लोक उचंबळून येतील, ही त्यामागील कल्पना. नोव्हेंबरात ते पद काढूनही घेतले गेले, आणि ९ डिसेंबर रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये तोच जिंदर कंपनीचा वरिष्ठ अधिकारी असलेल्या ट्रिपल एचकडून पराभूत झाला. मी त्या गर्दीत होतो. माझ्या ओळीतील मंडळी, त्यांत एक सरदारजी आपल्या दोन मुलांसह होते, ट्रिपल एचच्या नावाने घसा कोरडा करीत होती. यात राष्ट्राभिमानाचा अभाव मुळीच नव्हता. ट्रिपल एचच्या खात्यावर त्यांच्या बालपणाची वीस वर्षे जमा होती. जिंदरच्या खात्यावर सहा महिने, आणि तेही उसने. (कार्यालयात मात्र दुसऱ्या आठवड्यात एका सहकाऱ्याने सुनावले की, अधिकारीच जिंकणार हे सांगावयास तिकीट कशाला काढावयाचे!)

आता रक्ताचा आरोप. येथे माझा आवाज खाली येतो. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्येच अंडरटेकरने मिक फोलीला सुमारे सोळा फूट उंचीच्या पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकले. पुढे तो पिंजऱ्याच्या छतातूनही खाली कोसळला, दात तुटला, तरी लढत पुरी केली. त्या चित्रफिती मी लहानपणी पुनःपुन्हा पाहिल्या आणि प्रत्येक वेळी मला आनंद झाला. पडतो तो खरा पडतो, हे आजोबांचे वाक्य तेव्हा मला कळले नव्हते. पुढच्याच वर्षी, २३ मे १९९९ रोजी, कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छतापासून दोराने उतरण्याच्या देखाव्यात खाली कोसळून मरण पावला. तो चौतीस वर्षांचा होता. त्या रात्रीचा कार्यक्रम थोड्या वेळाने पुढे चालू ठेवण्यात आला.

"लोकांना हेच हवे असते," हे मालकांचे आणि आमच्या वक्त्यांचे समान वाक्य आहे, आणि येथेच त्या दोघांची मला सारखीच चीड येते. ओवेनने छतावरून उतरावे अशी मागणी कोणत्या प्रेक्षकाने केली होती? आमची मागणी तर अशी की, त्याच्या बाजूचा हिशेब नीट मांडा. आणि तो मांडणे कठीण म्हणून स्वस्तातला चमत्कार टांगला गेला. हे मल्ल आजही कंपनीचे नोकर समजले जात नाहीत; करारात ते स्वतंत्र कंत्राटदार असतात. पाठदुखीसाठी केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात रांगेत उभे राहताना मी रांगेला शिव्या देतो. पण ती रांग निदान माझ्यासाठी आहे. प्रेक्षकाने हे खातेही उघडावे. तो उघडीत नाही, हा त्याचा खरा दोष. पडद्यामागची बातमी त्याला हवी असते, परंतु कोणाचा करार कधी संपतो आणि कोण कोठे जाणार इतक्यापुरतीच. मानेचे हाड सरकलेल्याचे घर कसे चालते याची चौकशी तो क्वचित करतो. हा दोष माझाही आहे. वक्त्यांनी यासाठी आम्हांस झोडपले असते, तर मीही टाळ्या वाजविल्या असत्या.

हा खेळ आता नेटफ्लिक्सवर मंगळवारी पहाटे दिसतो. माझी बस आठ-वीसला असते, तोवर निम्म्याहून अधिक पाहून होतो. वक्तेमहाशयांचे घर माझ्या वसाहतीपासून दूर नाही. त्यांनी एखाद्या मंगळवारी यावे. चहा मी करीन, आणि कोण कोणाचे किती देणे लागतो हे पहिल्या कुस्तीपूर्वी सांगून ठेवीन.