परवानगीच्या नकाशावर आपली विहीर आहे का?

पाण्याविषयी काही सांगायचे झाले की आरोग्याच्या पानावर शेवटी एकच सल्ला येतो: पाणी उकळून, गाळून प्या. सल्ला खरा आहे. उकळल्याने कॉलरा, हगवण, कावीळ यांचे जंतू मरतात. पण पाण्यातली सगळीच घाण जंतूंची नसते. नायट्रेटचेच पाहा. सांडपाणी जमिनीत मुरले की त्यातल्या मलमूत्राचे रूपांतर होत होत शेवटी नायट्रेट तयार होते आणि ते पाण्याबरोबर खाली उतरते. शेतातल्या खतांमुळेही ते वाढते. हे पाणी उकळले तर पाणी वाफ होऊन कमी होते, नायट्रेट भांड्यातच राहते, म्हणजे उलट दाट होते. टीसीएल पावडर, तुरटी, फडक्याची गाळणी यांनी ते जात नाही. त्याला चव नाही, वास नाही, रंगही नाही.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट चालत नाही. 'दुसरा झरा नसेल तर थोडे जास्त चालेल' अशी सवलत काही घटकांना आहे, नायट्रेटला ती नाही. कारण धोका तान्ह्या बाळाला आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचे दूध कालवून पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. ओठ, नखे निळसर पडतात, धाप लागते. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका फारसा नसतो. पण प्रत्येक आईला अंगावर पाजता येतेच असे नाही.

जे पाणी चुलीवर सुधारत नाही, ते जमिनीतच बिघडू न देणे हा त्यावरचा इलाज आहे. आणि तो इलाज आपल्या स्वयंपाकघरात नाही, सरकारी परवानगीच्या कागदात आहे. म्हणून माझे म्हणणे असे: कोणालाही जमिनीवर किंवा खड्ड्यात सांडपाणी सोडण्याची परवानगी देण्याआधी त्या जागेखालच्या भूजलाचा अभ्यास झालाच पाहिजे. आणि त्या अभ्यासाच्या नकाशावर आपल्या वस्तीची विहीर आणि हातपंप दिसलाच पाहिजे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५ प्रमाणे सांडपाणी ओढ्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडायचे असेल, तर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी संमती लागते. याच कायद्याने 'प्रवाह' या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात जमिनीखालचे पाणीही धरले आहे. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे भूजल कायद्याच्या डोळ्यांपुढे नदीइतकेच आहे. मग उणीव कुठे? अर्ज आल्यावर मंडळाने त्याला 'योग्य वाटेल ती' चौकशी करावी, एवढेच कायदा सांगतो. जमिनीखाली काय आहे ते तपासल्याशिवाय संमती देऊ नये, असे त्या कलमात बंधन नाही. शिवाय अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असे समजले जाते. मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेखाली जास्त अभ्यास करावा लागतो, लोकांची जनसुनावणीही होते. पण असंख्य लहान-मध्यम कारखाने, हॉटेले, मंगल कार्यालये या चाळणीच्या बाहेर राहतात. त्यांच्या बाबतीत संमतीपत्र हीच एकमेव चाळणी असते.

आता एक आकडा बघा. कारखान्याने प्रक्रिया केलेल्या पाण्यात किती सेंद्रिय घाण उरली आहे, हे बीओडी नावाच्या मोजमापाने ठरवतात. असे पाणी नदी-ओढ्यात सोडायचे तर बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. तेच पाणी शेतजमिनीवर सोडायचे तर मर्यादा १०० आहे. जमिनीला तिपटीहून जास्त घाण चालते, असे नियमाने का मानले? माती गाळते, मातीतले जंतू घाण खातात, या भरवशावर. भरवसा चुकीचा नाही. खोल, भरीव मातीत असे घडते. पण तुमच्या गावच्या त्या जागेवर माती किती आहे, हे कोणी खणून पाहिले?

महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी चार भागांहून अधिक जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. विहीर खोदणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल: वर हातभर-दोन हात माती, मग मुरूम, मग फुटका खडक, मग कुठे मांजऱ्या, कुठे गेरूचा थर, कुठे अखंड पाषाण. पाणी या खडकाच्या भेगांतून, सांध्यांतून चालते. भेगेतून पळणारे पाणी मातीतून झिरपणाऱ्या पाण्यासारखे गाळून निघत नाही. नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीला लावलेला नियम माळावरच्या मुरमाड जमिनीला जसाच्या तसा लावणे म्हणजे फाटक्या चाळणीने पीठ चाळणे आहे. म्हणून प्रत्येक जागेचा वेगळा अभ्यास हवा. राज्यभराचा एकच आकडा पुरत नाही.

हा प्रश्न विशेष करून आपला आहे, त्याचे कारण आपल्या वस्त्यांच्या जागेत आहे. गावकुसाबाहेर वस्ती बसवली गेली ती पुष्कळ ठिकाणी उताराला, ओढ्याच्या कडेला, गायरानालगत. विहीरही वेगळी. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी ओंजळ भरली गेली, तेव्हा प्रश्न पाण्याला हात लावण्याचा होता. आज नळ, हातपंप, बोअर आपल्या दाराशी आहे. पण जमिनीखालचे पाणीही बहुतेक ठिकाणी जमिनीच्या उतारानेच चालते. वरच्या अंगाला मुरलेले खालच्या अंगाच्या विहिरीत येते. खालच्या अंगाला कोण राहते, हे वेगळे सांगायला नको. शहरातही तेच आहे. नाल्याकाठची, खोलगट जागेतली वस्ती नळाला पाणी आले नाही की बोअरवर जगते, आणि वरच्या बाजूला कोणाची टाकी कुठे पाझरते याची तिला खबर नसते.

अभ्यास म्हणजे काही आकाशातली विद्या नाही. त्यात साध्या सहा-सात गोष्टी आहेत, त्या प्रत्येकाला कळतील अशा आहेत. पहिली, खड्डा खणून माती-मुरमाची जाडी पाहणे. दुसरी, खड्ड्यात पाणी भरून ते किती वेळात किती मुरते हे मोजणे. फार हळू मुरले तर सांडपाणी वर तुंबते, फार भरभर मुरले तर न गाळताच खाली जाते. तिसरी, भूजलाची पातळी मोजणे, आणि ती दोनदा मोजणे: मे महिन्यात आणि पावसाळा संपता संपता. उन्हाळ्यात तीस फूट खाली असलेले पाणी सप्टेंबरमध्ये पाच फुटांवर येऊ शकते. फक्त उन्हाळ्यात केलेला अभ्यास कागदावर सुंदर दिसतो आणि पावसाळ्यात बुडतो. चौथी, पाणी कोणत्या दिशेला चालते हे काढणे. त्यासाठी निदान तीन ठिकाणची पातळी एकाच पायावरून मोजावी लागते. पाचवी, आसपासच्या प्रत्येक विहिरीची, बोअरची, हातपंपाची नोंद आणि त्याचे पाणी कोण, कशाला वापरते ही माहिती. सहावी, काम सुरू होण्याआधी त्या पाण्याची तपासणी. हा आधीचा दाखला नसेल तर पुढे पाणी बिघडल्यावर 'ते पहिल्यापासूनच तसे होते' असे म्हणायला वाट मोकळी राहते. सातवी, सांडपाण्याच्या जागेच्या वर एक आणि खाली दोन तरी निरीक्षण विहिरी, त्यांची ठरावीक काळाने तपासणी, आणि बिघाड दिसला तर सांडपाणी सोडणे बंद, ही अट संमतीपत्रातच लिहिलेली.

हे आधी केले नाही तर काय होते, याचे उदाहरण राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाचे आहे. तिथे रंगाच्या धंद्याला लागणारे एच-ॲसिड नावाचे रसायन बनवणारा कारखाना १९८० च्या दशकाअखेर सुरू झाला. आवश्यक परवानग्या न घेताच तो उभा राहिला, असे पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नमूद झाले. विषारी पाणी मोकळे सोडले गेले, सुमारे २,४०० टन गाळ उघड्यावर टाकला गेला. ते विष पावसाबरोबर जमिनीत उतरले आणि विहिरींचे पाणी गडद, पिण्यास निकामी झाले. उत्पादन १९८९ मध्ये थांबले. पण कारखाना थांबला म्हणून विहीर सुधारत नाही. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला की ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च सोसावा. तरी पैसे भरले गेले नाहीत. २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला: ३७ कोटी ३८ लाखांवर रक्कम व्याजासह भरा. कारखाना चालला थोडा काळ, खटला चालला वीस वर्षांहून अधिक. त्या वीस वर्षांत त्या गावातल्या बायांनी पाणी कुठून आणले असेल, याचा हिशोब कोणत्या निकालपत्रात नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखे आहेत. पहिला: अभ्यासाच्या अटी वाढल्या तर कारखाने येणार नाहीत, आपल्या पोरांना काम कसे मिळणार? काम हवेच. पण चार-दोन खड्डे, काही विहिरींची मोजणी आणि पाण्याच्या तपासण्या यांचा खर्च कारखान्याच्या उभारणीपुढे किरकोळ असतो, आणि बिघडलेले भूजल साफ करण्याच्या खर्चापुढे तर काहीच नसतो. मळीपासून अल्कोहोल काढताना एका लिटरमागे साधारण ८ ते १५ लिटर तपकिरी, कडक सांडपाणी निघते. ते साठवायचे तळे कुठे खणावे, हे विचारणे म्हणजे कारखान्याला विरोध करणे नव्हे. विहीर गेली की टँकर येतो, आणि टँकरमागे धावण्यात मजुरीचा दिवस जातो. मग मिळालेल्या कामातून हाती काय उरले?

दुसरा आक्षेप: आपल्याच शौचालयांचे खड्डे हातपंपाला खेटून आहेत, मग दुसऱ्याला काय बोलायचे? हे खरे आहे आणि तेही बदलायला हवे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट, लांब असावा असे मानक आहे. फुटक्या खडकात तर त्याहून लांब हवा. पण दहा बाय दहाच्या जागेत राहणाऱ्या घराला साठ फूट कुठून आणायचे? त्याला जागा आणि गटार देणे हे पंचायतीचे, पालिकेचे काम आहे. एका घराचा खड्डा आणि दिवसाला हजारो लिटर सांडपाणी यांना एकाच तराजूत तोलून गप्प बसवणे हा न्याय नाही.

मग करायचे काय? तक्रार पाणी लाल झाल्यावर करायची नाही, अर्ज पडला की करायची. मंडळाला संमतीपत्रातील अटींची नोंदवही ठेवावी लागते, आणि ज्याला त्या सांडपाण्याची झळ लागते अशा कोणालाही ती पाहता येते. हा हक्क त्याच कलम २५ मध्ये आहे. कार्यालयात दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. विचारायचे एवढेच: भूजलाचा अभ्यास झाला का, कोणत्या महिन्यात झाला, आणि आमच्या वस्तीची विहीर त्यात आहे का? जनसुनावणी असेल तर तिची सूचना तीस दिवस आधी मराठी वर्तमानपत्रात येते आणि अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहायला ठेवतात. सुनावणीत भाषण नाही केले तरी चालेल. हे तीन प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या.

त्याचबरोबर आपला दाखला आपण तयार ठेवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून वस्तीच्या प्रत्येक विहिरीचा, हातपंपाचा नमुना पावसाळ्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेत पाठवायला लावा. जंतूंबरोबर नायट्रेट, क्लोराइड आणि विरघळलेले क्षारही तपासायला सांगा. अहवालाची प्रत वहीत चिकटवून विहारात ठेवा. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यायचे ठरलेले आहे. त्या पाचात आपल्या वस्तीतली एक तरी असावी, हे ग्रामसभेत मागून घ्या.

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार खटल्यात सांगितले की प्रदूषणमुक्त पाणी हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो हक्क दरवेळी न्यायालयात जाऊन मिळवावा लागू नये, यासाठीच परवानगीआधीचा अभ्यास असतो. ज्या नकाशात आपली विहीर नाही, त्या नकाशावर सही होऊ देऊ नका.