अख्खी एसडीके बांधायची की चार फंक्शनं?

सी-शार्पमध्ये मोबाइल ॲप लिहिणाऱ्या टीमपुढे हा पेच कधी ना कधी येतोच. पेमेंटची एखादी एसडीके हवी असते आणि ती मिळते फक्त स्विफ्ट व कोटलिनसाठी. मग सी-शार्पमधून हाक मारता यावी म्हणून अख्ख्या एसडीकेचं बाइंडिंग करायचं, की लागतील तेवढ्याच फंक्शनांभोवती पातळ रॅपर लिहायचा?

अख्ख्या बाइंडिंगची बाजू लंगडी नाही. सी-शार्पमधून मोबाइल ॲप बनवण्याच्या झामारिन या जुन्या फ्रेमवर्कच्या काळापासून ऑब्जेक्टिव्ह शार्पी हे साधन ऑब्जेक्टिव्ह-सीच्या हेडर फाइली वाचून सी-शार्पमधल्या व्याख्या तयार करून देतं. एकदा ते जमलं की टीममधल्या कुणालाही एसडीकेतलं काहीही वापरता येतं. पण जिथे साधनाला खात्री नसते तिथे ते ‘व्हेरिफाय’ची खूण ठेवतं, आणि माणसाने ती तपासून काढेपर्यंत कोड कंपाइल होत नाही. (कोड लिहून देणाऱ्या साधनांत इतका प्रामाणिकपणा विरळाच.) निव्वळ स्विफ्टमधली एसडीके ऑब्जेक्टिव्ह-सीला दिसत नसेल, तर हेडरच नाही आणि साधनही हतबल. अँड्रॉइडवर दुखणं वेगळं: एका एएआर फाइलीमागोमाग मेव्हनवरच्या लायब्रऱ्यांची वरात येते, आणि प्रत्येकीची आवृत्ती जुळवत बसावं लागतं.

मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने झामारिनचा सपोर्ट संपवला. त्याची जागा घेणाऱ्या डॉटनेट माउईसाठी ‘नेटिव्ह लायब्ररी इंटरऑप’ ही पातळ रॅपरची वाट आहे. स्विफ्ट आणि कोटलिनमध्ये आपलाच छोटा क्लास लिहायचा, त्यात साधे प्रकार वापरायचे आणि तेवढंच सी-शार्पला दाखवायचं. एसडीकेची नवी आवृत्ती आली तरी बहुतेक पडझड त्या क्लासातच आवरते.

याची किंमत मात्र लपवू नये. प्रत्येक नवं फंक्शन तीन भाषांत लिहावं लागतं. जे टाळायला सी-शार्प घेतलं, तेच मागच्या दाराने परत येतं. शिवाय मेमरीचा तिढा दोन्ही वाटांवर तसाच राहतो. आयओएसवर एका बाजूला रेफरन्स मोजणी, दुसऱ्या बाजूला गार्बेज कलेक्टर. दोन्हीकडच्या वस्तूंनी एकमेकींना धरून ठेवलं तर सुटका कुणाचीच नाही.

एसडीके अनेक ॲप्सना लागणार असेल आणि बाइंडिंग सांभाळायला कायमचा माणूस असेल, तरच ती अख्खी बांधावी. एरवी माझा कौल पातळ रॅपरला. फक्त टीममध्ये स्विफ्ट आणि कोटलिन वाचता येणारं कोण आहे, हे एसडीकेच्या करारावर सही करण्याआधी विचारून घ्यावं.