परमुलखातील अंथरूण

गेल्या महिन्यात ह्या पानावर आमचे सदर नव्हते, ह्याबद्दल तीन वाचकांनी संपादकांकडे विचारणा केली. त्यांपैकी एक आमचे व्याही आणि दुसरे मेहुणे निघाले, हे सोडा. परंतु तिसऱ्या वाचकाचे समाधान करणे आम्हांस प्राप्त आहे. आम्ही मॉरिशसला गेलो होतो आणि तेथे आजारी पडलो.

मॉरिशसलाच का, असे आम्हांस पुष्कळांनी विचारले. त्या बेटावर मराठी माणसे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहेत. गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते, प्राथमिक शाळांतून मराठी शिकविले जाते. सारा जन्म इंदुरात घालविलेल्या मराठीच्या शिक्षकाला ते बेट एकदा पाहावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. सौभाग्यवतींचे गुडघे प्रवासास राजी नव्हते. तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही एकटेच निघालो. बरोबर एक जाड वही होती. तेथील मराठी बांधवांना विचारावयाचे चोवीस प्रश्न तीत क्रमाने लिहून ठेवले होते.

निघालो त्या दिवशी इंदुरात पारा ४२ अंशांवर होता. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे भूगोलाची जागा रिकामी होती त्या दोन वर्षांत आम्ही स्वतः फळ्यावर आकृती काढून शिकविलेले आहे. तरीही बॅगेत स्वेटर ठेवण्याची बुद्धी आम्हांस झाली नाही! आम्ही उतरलो ते क्यूरपीप गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरील पठारावर आहे, आणि पावसाची झिमझिम हा तेथला नित्यक्रम आहे. तिसऱ्या दिवशी आम्ही ग्रां बासँ ह्या तळ्यावर गेलो. ज्वालामुखीच्या विवरात साठलेले हे पाणी तेथील हिंदू लोक गंगातलाव म्हणून पूजितात. धुके इतके दाट की पलीकडचा काठ दिसेना. भिजलेल्या कपड्यांनिशी बसने परतलो आणि त्याच रात्री हुडहुडी भरली.

एकट्याने परमुलखात आजारी पडणे म्हणजे काय, ते त्या रात्री कळले. दोन वाजता घसा कोरडा पडला, तेव्हा पाणी मागावे असे कोणी नव्हते. घरी फोन करावा, तर इंदुरात साडेतीन वाजले असतील आणि उगाच घाबरवणे होईल, असा हिशेब करीत पडून राहिलो. शाळेच्या मैदानावर एका शिट्टीसरशी बाराशे मुलांना रांगेत उभे करणारे आम्ही. परंतु उठून खिडकी लावण्याचे त्राण आमच्यात नव्हते.

सकाळी दार वाजले. आरोग्य खात्याची एक तरुण बाई आमच्या रक्ताचा थेंब घेण्यास आली होती. मॉरिशस १९७३ मध्ये हिवतापमुक्त जाहीर झाले, परंतु १९७५ मधील चक्रीवादळानंतर हिवताप पुन्हा उद्भवला आणि तो निपटून काढण्यास कित्येक वर्षे लागली. म्हणून हिवतापाच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांवर तेथे नजर ठेवतात. आरोग्याचा फॉर्म भरताना ह्याच गोष्टीवर आम्ही कुरकुरलो होतो. बाईंनी बोटाला सुई टोचली, आमच्या श्वासाचा आवाज क्षणभर ऐकला आणि हा हिवताप दिसत नाही, ह्यांना आजच इस्पितळात न्या, असे घरमालकिणीस बजावले.

घरमालकीण क्रिओल, कॅथलिक, साठीच्या घरातील विधवा. तोवर आमचा त्यांच्याशी संबंध किल्ली घेण्यादेण्यापुरताच होता. त्यांनी गळ्यातील क्रूस चाचपला, मृत यजमानांचा लोकरी कोट आमच्या अंगावर चढविला आणि टॅक्सीत बसविले. उजव्या फुप्फुसाला न्यूमोनिया निघाला. पाच दिवस आम्ही सलाइनच्या नळीशी जखडलो होतो.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी मालकीणबाई डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बुयों ब्रेद मुरूम." आमच्या कानी त्यातला एकच शब्द शिरला. आमच्याकडे मुरूम रस्त्यावर पसरतात. ह्या देशात तो आजाऱ्यास पाजतात की काय, ह्या शंकेने आम्ही डब्यात डोकावलो, तर शेवग्याच्या पानांचे लसूण घातलेले ऊन ऊन कढण! शेवग्याच्या तमिळ नावावरून तो शब्द तेथे रुळला आहे. पुढे व्हिडिओवर घरी बोलणे होई तेव्हा सौभाग्यवती मराठीत विचारीत आणि बाई क्रिओलमध्ये उत्तर देत. वाडगा फोनसमोर उलटा धरला, म्हणजे आम्ही सगळे संपविले हे इंदुरास कळे. दोघींचे आमच्याविषयी एकमत लवकर झाले.

शेजारच्या खाटेवर पंचाहत्तरीचे एक गृहस्थ दम्यासाठी दाखल झाले होते. पश्चिमेकडील कास्कावेलचे, आयुष्य ऊसमळ्यात गेलेले, आता लेकीकडे राहणारे. संध्याकाळी दिवे लागले आणि ते हलक्या आवाजात गणपतीची आरती म्हणू लागले. एकही अक्षर न चुकता, सगळी. आम्ही डोळे पुसले आणि मराठीत त्यांचे गाव विचारले. ते ओशाळून हसले. आरती आणि दोनचार भजने सोडली, तर मराठी त्यांना येत नव्हते. मग ते भोजपुरीत आणि आम्ही आमच्या माळव्याच्या हिंदीत, असे दोन मराठी माणसांचे संभाषण सुरू झाले. इंदुरात आमचे नातू एकमेकांशी कोणत्या भाषेत भांडतात, हे आठवून आम्ही पुढे काही बोललो नाही.

वही घरमालकिणीकडेच राहिली होती, आणि आता प्रश्न ते विचारीत होते. आरतीतील एका शब्दाचा अर्थ काय? आम्ही सवयीने धातूपासून आरंभ केला. दुसऱ्या वाक्यालाच खोकल्याने जीव घुसमटला. स्वतः धापा टाकीत ते उठले, आमची पाठ धरून बसले आणि कोमट पाण्याचा पेला तोंडाशी लावला. श्वास परतल्यावर आम्ही तो अर्थ एका शब्दात सांगितला. तेवढा त्यांना पुरला. साठ वर्षे म्हणत आलो, आज कळले, असे ते आपल्या लेकीला सांगत होते.

डॉक्टरांनी इतक्यात विमानात बसू नका म्हटल्यावरून तिकीट पुढे ढकलले आणि आठवडाभर मालकीणबाईंच्या ओसरीत ऊन खात काढला. निघण्याच्या दोन दिवस आधी ते गृहस्थ लेकीसह आले आणि आम्हांस पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर घेऊन गेले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून ह्या बेटावर उतरले. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. बोटीतून उतरलेला मजूर ज्या चढून आत जाई, त्या दगडी पायऱ्या सोळा आहेत. जवळच आजारी मजुरांच्या इस्पितळाचे अवशेष आहेत. ते आम्ही जरा जास्तच निरखून पाहिले. पायऱ्या आम्ही दोघांनी एकमेकांच्या आधाराने चढल्या. आठव्या पायरीवर ते थांबले, अकराव्या पायरीवर आम्ही.

वर पोचल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढला. मजुरांच्या जुन्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. त्यांतील पणजोबांच्या नोंदीची ही नक्कल. क्रमांक, नाव, बापाचे नाव, जिल्हा रत्नागिरी. पणजोबांचे नाव हेच आता घराण्याचे आडनाव झाले आहे. परंतु गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले. "हे कोणते गाव, मास्तर?" आम्ही चटकन एक नाव सांगितले. त्यांनी विचारले, "नक्की?" पुन्हा वाचले, तर ती अक्षरे तीन निरनिराळ्या गावांना लागू पडत होती. नक्की नाही, असे आम्ही कबूल केले.

ती नक्कल आता आमच्या टेबलावर आहे. रत्नागिरीकडील दोन शिक्षकमित्रांना पत्रे धाडली आहेत. एका गावाचा नकार आला, दोन बाकी आहेत. दर रविवारी त्यांचा आवाज आमच्या फोनवर येतो. आधी छाती कशी आहे ते विचारतात, मग गाव. पहिल्या प्रश्नापुरते आमचे उत्तर आता तयार असते.