अवजाराची तपासणी कोणी करायची?

डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. या बंदरात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के व महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. मच्छीमारांची उपजीविका आणि किनाऱ्याचे भवितव्य यांवर पुष्कळ चर्चा झाली आहे. आज आम्हांस वेगळ्या प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे. बंदराच्या क्रेन, फाटके व हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर चालतील, ते लिहिणाऱ्यांच्या हातांतील अवजारे कोण तपासणार?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक प्रोग्रॅमने मर्स्क या डॅनिश कंपनीचे संगणक जगभर निकामी केले आणि तिच्याच समूहाकडे असलेले न्हावा-शेवा येथील टर्मिनल ठप्प झाले. हा प्रोग्रॅम पसरला तो युक्रेनमधील मेडॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नित्याच्या सुधारित आवृत्तीतून. चोर भिंत फोडून आला नाही. विश्वासाने घरात घेतलेल्या अवजारात बसून आला. टर्मिनल थांबले की पहिली झळ रांगेतल्या ट्रकचालकाला आणि रोजंदारीवरील कामगाराला बसते.

तोच धोका आता प्रोग्रॅमरच्या मेजापर्यंत पोचला आहे. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी व्हीएस कोडसारखे संपादक वापरले जातात व त्यांना ‘एक्स्टेन्शन’ नावाचे जोड-प्रोग्रॅम लावता येतात. अशा जोडणीला त्या संगणकावर खुद्द प्रोग्रॅमरइतकेच अधिकार मिळतात. तीत एखादी फट राहिली, तर दूर बसलेला परका मनुष्य त्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शकतो. २०२१ साली स्निक या कंपनीच्या संशोधकांनी लेटेक वर्कशॉपसह अनेक लोकप्रिय जोडण्यांत अशा गंभीर फटी दाखवून दिल्या. जुलै २०२५ मध्ये अॅमेझॉन क्यूच्या जोडणीत फायली पुसून टाकण्याची सूचना बाहेरच्या व्यक्तीने घुसवली आणि ती अधिकृत आवृत्तीतून वितरित झाली. ग्राहकांचे नुकसान झाले नाही, असे कंपनीने सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपन व्हीएसएक्स या भांडारात ग्लासवर्म आढळला. त्याची आज्ञावली डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरचिन्हांत दडवलेली होती. प्रोग्रॅमरांच्या गुप्त किल्ल्या चोरून त्यांच्याच आधारे तो पुढे पसरत होता.

अशा वेळी ‘सावध राहा’ एवढाच उपदेश केला जातो. परंतु जे दिसतच नाही, त्याबाबत एकट्या प्रोग्रॅमरने सावध राहावे कसे? कित्येक जोडण्या स्वयंसेवक विनावेतन लिहितात. त्यांच्या श्रमावर बड्या कंपन्यांची उत्पादने लोकप्रिय होतात. फट निघाली की जोखीम मात्र वापरणाऱ्याच्या माथी येते. लाभ खाजगी आणि धोका सार्वजनिक, अशी ही वाटणी आहे.

डहाणूला या बाबतीत अनुभव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातील गंधक काढणारे संयंत्र बसवा, असा आदेश त्याने १९९९ साली दिला. संयंत्र २००७ साली बसले. आठ वर्षे लागली, पण बसले, कारण तपासणारा मालकाहून वेगळा होता.

संगणकाच्या क्षेत्रातही हेच तत्त्व लागू केले पाहिजे. सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याबाबत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २०२४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. तथापि तयार मालाच्या यादीत तो घडवणारे अवजार येतेच असे नाही. म्हणून सार्वजनिक प्रकल्पाच्या निविदेतच अटी असाव्यात: ठेकेदाराच्या प्रोग्रॅमरांनी तपासलेल्या जोडण्याच वापराव्यात, त्यांची तपासणी स्वतंत्र यंत्रणेने करावी, बिघाड जनतेपासून लपवू नये, आणि काम बंद पडलेल्या दिवसाची मजुरी कामगाराला मिळावी.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा मानणे चुकीचे ठरेल. तलासरीच्या रेशन दुकानात ई-पॉस यंत्र अडले की अंगठा देणारी बाई रिकाम्या पिशवीने परतते. यंत्राच्या आतील आज्ञावली तिला ठाऊक नसते, पण तिची किंमत तीच मोजते. किंमत मोजणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतो. वाढवणचे पहिले फाटक उघडण्यापूर्वीच तो मागितला पाहिजे.