चिंटू मोठा का होत नाही?

मी घाटकोपरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत पाचवीच्या वर्गाला मराठी शिकवतो. शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात मी वर्गात चिंटूचे एक पुस्तक घेऊन जातो. चिंटू हा चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी निर्माण केलेला एक खोडकर मुलगा. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी तो 'सकाळ' या दैनिकात पहिल्यांदा आला. पुढे त्याच्या चित्रांचे संग्रह निघाले. तीन-चार चौकटी, प्रत्येक चौकटीत एक-दोन लहान वाक्ये आणि शेवटी हसू. ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत, त्या मुलांना ही वाक्ये फार उपयोगी पडतात. आई रागावते, पप्पू आणि मिनी भांडतात, बगळ्या मध्येच काहीतरी बोलतो. हे सारे घरातले, गल्लीतले मराठी असते. ते व्याकरणाच्या तासाला सापडत नाही.

गेल्या वर्षी असेच वाचन चालू असताना एका मुलाने हात वर केला.

"सर, चिंटू किती वर्षांचा आहे?"

"असेल आठ-नऊ वर्षांचा," मी म्हणालो.

"पण तुम्ही तर म्हणालात, तो १९९१ मध्ये आला."

तो उठून फळ्याजवळ आला. खडू घेऊन त्याने बेरीज-वजाबाकी केली. मग मागे वळून म्हणाला, "सर, हा तर चाळीसच्या वर गेला. माझ्या अब्बांपेक्षा मोठा आहे!"

वर्गात एकच हशा पिकला. त्यानंतर माझा तास माझा राहिला नाही.

प्रत्येकाला आपापले पात्र आठवले. शिनचॅन पाच वर्षांचा. त्याची चित्रकथा जपानमध्ये १९९० साली सुरू झाली. म्हणजे त्याचीही चाळिशी झाली. नोबिताचे गणित तर आणखी अवघड. डोरेमॉनच्या मूळ चित्रकथेत त्याची जन्मतारीख ७ ऑगस्ट १९६४ अशी दिली आहे. ही तारीख मी सांगताच मुले ओरडली, "सर, नोबिता साठ वर्षांचा म्हातारा!" टीव्हीवर मात्र तो पाचवीत आहे. आमच्याच वर्गात म्हणा ना.

एका मुलाने यावर उत्तर शोधले. नोबिताला परीक्षेत शून्य मिळते, तो दरवर्षी नापास होतो, म्हणून तो पाचवीतच राहिला. हे सगळ्यांना पटले. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग शिझुका? ती तर हुशार आहे. ती का पाचवीत राहिली?" याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

दुसऱ्याने सांगितले की कार्टूनमध्ये रोज एकच दिवस असतो, तो पुन्हापुन्हा उगवतो. हेही खरे नाही. १९९६ साली शिनचॅनच्या घरी एक बहीण जन्माला आली. बहीण जन्मली म्हणजे दिवस गेले. पण त्यानंतर ती मोठी झाली नाही आणि तिचा भाऊही पाचाचा सहा झाला नाही. नोबिताच्या घरी वाढदिवसाचा केक कापला जातो, मेणबत्त्या विझतात. वय मात्र तेवढेच.

मग बोलता बोलता मैदानाचा विषय निघाला. नोबिता आणि त्याचे मित्र एका मोकळ्या जागेत खेळतात. तिथे सिमेंटचे तीन मोठे पाइप एकावर एक ठेवलेले असतात. आमच्या भागातून तानसाची पाइपलाइन जाते, त्यामुळे मुलांना ते पाइप अगदी ओळखीचे वाटतात. एक मुलगा म्हणाला, "सर, इतकी वर्षे ती जागा रिकामीच आहे. तिथे बिल्डर येत नाही काय?" मी हसलो, पण मला माझे लहानपण आठवले. मी ज्या दोन मैदानांवर क्रिकेट खेळलो, त्यांच्यावर आज इमारती उभ्या आहेत. मुलांनी नोबिताच्या वयाचा हेवा केला नाही. त्या मोकळ्या जागेचा मात्र केला.

तास संपत आला होता. तेव्हा एक मुलगी उभी राहिली. ती एरवी फारशी बोलत नाही.

"सर, तिथे कोणाचे वय वाढत नाही, तर नोबिताची दादी कशी वारली?"

वर्ग शांत झाला. त्या वर्षी रमजानच्या आधी तिची दादी वारली होती, हे मला आणि वर्गालाही ठाऊक होते. घंटा झाली. मी तिला म्हणालो, "बेटा, मी विचार करून सांगतो."

मी विचार केला तो असा.

पात्रांचे वय थांबवण्यामागे चित्रकारांची काही साधी कारणे असतात. वर्तमानपत्रातली चित्रपट्टी रोज येते. ज्याने कालचा अंक पाहिला नाही, त्यालाही आजची गंमत कळली पाहिजे. चिंटू काल चौथीत होता आणि आज पाचवीत गेला, त्याचा मित्र दुसऱ्या गावी राहायला गेला, असे होत राहिले तर नव्या वाचकाला मागचे सगळे सांगावे लागेल. शिवाय मुले दरवर्षी नवी येतात. आज जो आठ वर्षांचा आहे, त्याला आठ वर्षांचाच चिंटू हवा.

पैशाचेही कारण आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या वर्गात दप्तरांवर, डब्यांवर, पाण्याच्या बाटल्यांवर नोबिता आणि डोरेमॉन आहेत. नोबिता कॉलेजात गेला, त्याला मिशा फुटल्या, तर ते डबे कोण विकत घेईल?

आणि हे वय थांबवायला किती माणसांना राबावे लागते, तेही पाहा. आपल्याकडे परदेशी कार्टूनना हिंदी आवाज देण्याचे बरेच काम मुंबईत होते आणि त्यासाठीचे कितीतरी स्टुडिओ अंधेरीत आहेत. लहान मुलाचा आवाज बहुतेक वेळा एखादी बाई देते. खऱ्या मुलाला घेतले तर चार वर्षांत त्याचा आवाज फुटतो आणि पंचाईत होते. जपानमध्ये डोरेमॉनला नोबुयो ओयामा या बाईंनी १९७९ पासून २००५ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे आवाज दिला. मग त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. डोरेमॉनचा जनक फुजिको एफ. फुजिओ १९९६ साली वारला. शिनचॅनचा जनक योशितो उसुई २००९ साली डोंगरावरून पडून गेला. नोबिता पाचवीत आणि शिनचॅन बालवाडीत आहे तिथेच आहे.

आपल्या मुंबईतले याहून मोठे उदाहरण म्हणजे आर. के. लक्ष्मण यांचा 'सामान्य माणूस'. धोतर, चौकटीचा कोट, चष्मा, टक्कल आणि तोंडातून एकही शब्द नाही. १९५१ साली लक्ष्मण यांनी त्याला 'टाइम्स ऑफ इंडिया'त आणले. तेव्हा ते स्वतः तिशीचे होते आणि त्यांचा हा माणूस म्हातारा होता. पुढे लक्ष्मण यांचे वय वाढत गेले. २६ जानेवारी २०१५ रोजी ते वारले तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते. चित्रकार आपल्या म्हाताऱ्याच्या पुढे निघून गेला. कागदावरचा म्हातारा मात्र होता तेवढाच राहिला.

शाळेतल्या माझ्या एका सहकाऱ्यांना हे सारे पसंत नाही. ते म्हणतात, "मुलांना काळाची जाणीव द्यायला हवी. ज्या गोष्टीत कोणी वाढत नाही, ती गोष्ट मुलांना फसवते." त्यांचे उदाहरणही चांगले आहे. अमेरिकेत 'गॅसोलीन अ‍ॅली' नावाची चित्रपट्टी १९१८ साली सुरू झाली. १९२१ मध्ये तिच्यातल्या एका माणसाला दारात एक तान्हे मूल सापडते. ते मूल वाचकांबरोबर वाढले, शाळेत गेले, दुसऱ्या महायुद्धात सैनिक झाले, त्याचे लग्न झाले, त्याला मुले झाली. चिं. वि. जोशी यांचे चिमणरावही असेच. त्यांचे लग्न जमते, संसार होतो, मुले होतात. दोन्ही गोष्टी मला आवडतात. पण त्या वाचणारा माणूसही वर्षानुवर्षे तोच असतो. पात्र आणि वाचक एकाच घरात म्हातारे होतात. मुलांच्या गोष्टीत तसे होत नाही. मूल चार-पाच वर्षे तिथे राहते आणि निघून जाते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरून धावणारा शाळकरी मुलगा होता. २०१७ च्या चित्रपटात तो मोठा झालेला दाखवला. चित्रपट मी पाहिला, कंटाळलो नाही. पण बाहेर पडताना मला वाटले, आता या मुलांना सायकलवाला कोण देणार?

मला हा प्रश्न वर्गात उभा राहून जास्त नीट कळतो. सत्तावीस वर्षे मी पाचवीला शिकवतो आहे. या वर्गाचे वय काय? दहा वर्षे. मी आलो तेव्हाही दहा होते आणि आजही दहाच आहे. खिडकीजवळच्या बाकावर नेहमी एक बडबडा असतो. शेवटच्या बाकावर डबा लवकर उघडणारा असतो. मुले बदलतात, पाचवी बदलत नाही. वाढतो तो मी. चिंटूचे वय हे मला एखाद्या मुलाच्या वयापेक्षा इयत्तेच्या वयासारखे वाटते. तो एक बाक आहे. त्यावर आज हा बसतो, उद्या तो बसेल.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर माझा एक जुना विद्यार्थी शाळेत आला होता. तो आता अंधेरीला राहतो. मेट्रोने घाटकोपरला आईला भेटायला आला आणि मुलीला आपली शाळा दाखवायला घेऊन आला. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. मी कपाटातून चिंटूचे पुस्तक काढून मुलीच्या हातात दिले. तिने एक पान उघडले आणि विचारले, "यात पेन्सिलने उर्दूत कोणी लिहिलंय?" तिच्या वडिलांनी मान खाली घातली. पंचवीस वर्षांपूर्वी मराठी शब्दांचे अर्थ पुस्तकातच लिहून ठेवल्याबद्दल मी त्याला ओरडलो होतो. ती मुलगी मात्र तेच अर्थ बघत बघत पुढे वाचू लागली. ती दहा वर्षांची आहे. चिंटू जर तिच्या वडिलांबरोबर मोठा झाला असता, तर त्या दिवशी तो तिला भेटला नसता.

म्हणून माझे मत असे की या पात्रांना मोठे करू नये. पण माझ्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, आणि ते मला त्या मुलीच्या प्रश्नामुळे दिसले. नोबिताची दादी तो बालवाडीत असतानाच गेलेली आहे. १९७० मधल्या एका गोष्टीत तो टाइम मशीनमध्ये बसून तिला भेटायला मागच्या काळात जातो. आता तो मोठा झालेला असतो, तरी ती त्याला ओळखते. चित्रकाराला दादी जिवंत ठेवणे अवघड नव्हते. दोन रेघा जास्त काढल्या की झाले असते. त्याने तसे केले नाही. जिथे कोणाचे वय वाढत नाही, तिथेही त्याने मागचा काळ ठेवला. तिथे कोणीतरी होते आणि आता नाही, हे ठेवले. दहा वर्षांच्या मुलाला हे माहीत असते. ते चित्रातून पुसून टाकले असते, तर ती खरोखर फसवणूक झाली असती. ज्या कार्टूनमध्ये नुसती धावपळ आणि मारामारी असते, कोणाला काही आठवतच नाही, त्यांच्यावर माझा राग आहे तो यासाठी.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले, अर्थात सोप्या शब्दांत. तिने ऐकून घेतले. तिला पटले की नाही, ते मला कळले नाही. मग मी तिला म्हणालो, "दादीबद्दल मराठीत पाच ओळी लिहून आण."

तिने अकरा ओळी लिहून आणल्या. दादी पहाटे उठायची, पाइपलाइनच्या बाजूने चालत दूध आणायला जायची, तिला टीव्हीवरचा नोबिता आवडायचा आणि ती त्याला 'कामचोर' म्हणायची. नवव्या ओळीत लिहिले होते, 'माझी दादी सत्तर वर्षांची आहे.'

मी लाल पेन हातात घेतले. 'पहाटे'चा 'प' अर्धा राहिला होता, तो पुरा केला. 'चालत'मधला काना सुटला होता, तो दिला. नवव्या ओळीत 'आहे' खोडून 'होती' करायचे होते. मी थोडा वेळ तसाच बसलो आणि मग वही मिटून तिला परत दिली.