विकला नाही तोवर तोटा नाही म्हणे!

शेअर बाजाराचा विषय निघाला की आमच्या नातेवाईकांत कुणीतरी हे वाक्य टाकतंच. बाकीचे माना डोलावतात आणि विषय संपतो. मंडळी, माझ्या डोक्यात जातं हे वाक्य! ऑपरेटर, सरकार, टीव्हीवरचे तज्ज्ञ या सगळ्यांना शिव्या घालून झाल्या असतील, तर एकदा याच्याकडेही बघा.

गंमत अशी, की शंभरला घेतलेला शेअर दोनशेवर गेला तर "विकला नाही तोवर नफा नाही" असं कुणीच म्हणत नाही. तेव्हा तो नफा पक्का, गावभर सांगून झालेला! तोच शेअर चाळीसवर आला की मात्र तोटा 'कागदावरचा'. एकाच डिमॅट खात्यात हे दोन न्याय कसे? कारण उघड आहे. विकला की आपला अंदाज चुकला हे मान्य करावं लागतं, घरी सांगावं लागतं. ती बोच टाळायची म्हणून हा नियम शोधून काढलाय.

हा रोग काही आपल्यापुरता नाही. शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्येच त्याला नाव दिलं. १९९८ मध्ये टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडच्या १०,००० खात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक नफ्यातले शेअर पटकन विकत होते आणि तोट्यातले धरून बसत होते. पुढच्या वर्षभरात या विकून टाकलेल्या शेअरनी धरून ठेवलेल्यांपेक्षा सरासरी जास्त परतावा दिला!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, २०२० आठव!" आठवतंय की. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९०० हून जास्त अंशांनी कोसळून २६,००० च्या खाली बंद झाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५०,००० ला हात लावला. घाबरून विकणारे हळहळले, थांबलेले तरले. पण काका, तो सेन्सेक्स होता, तुमचा शेअर नव्हे. सेन्सेक्स नापासांना वर्गाबाहेर काढतो. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा उघड झाला आणि लगेच तिच्या जागी सन फार्मा आली. येस बँकेला डिसेंबर २०१९ मध्ये बाहेर काढलं. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. तुमच्या कपाटातल्या कंपनीची जागा घ्यायला मात्र कुणी येत नाही.

घाबरून विकणं आणि हट्टाने धरून बसणं ही सख्खी भावंडं आहेत. दोघंही भावाकडे बघतात, कंपनीकडे कुणीच बघत नाही.

म्हणून एकच प्रश्न विचारा. आज खात्यात शेअरऐवजी तेवढी रोकड असती, तर हाच शेअर आजच्या भावाने घेतला असता का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल ठेवा, कितीही पडू दे. 'नाही' असेल तर तुम्ही गुंतवणूक करत नाही आहात, खरेदीभावाची पूजा करताय. आणि बाजाराला तुमचा खरेदीभाव ठाऊकसुद्धा नाही! शिवाय विकून झालेला तोटा नियमांत बसवून भांडवली नफ्यातून वजा करता येतो, विवरणपत्र वेळेत भरलं असेल तर उरलेला ८ वर्षं पुढे नेता येतो. 'कागदावरच्या' तोट्याला ही सवलत नाही.

'भावना बाजूला ठेवा' असला उपदेश मी करणार नाही, तो कुणालाच जमत नाही. शेअर घेताना का घेतला हे दोन ओळींत वहीत लिहा, एवढंच. ते कारण उरलं नाही की शेअर विका, भाव काहीही असो. आणि तोट्याला तोटाच म्हणा. दुखेल, पण निदान कुठे दुखतंय ते तरी कळेल.